१४. अकराव्या मैलाची मोरी

जेवणं होऊन अर्धा तास झाला तरी टेबलावरून कुणी उठेना, तेव्हाच मुकादमांनी ओळखलं की आज ही मंडळी नुसती जेवायला जमलेली नाहीत.

सुट्टीचा दिवस होता. चार वाजता गावच्या सभागृहात बैठक होती आणि तिथं त्यांना एक कागद द्यायचा होता. कागद साधा, दोन चौकटींचा. हायवेवरचा टोल आणखी पंधरा वर्षं चालू ठेवावा, की या महिनाअखेर बंद करावा. समिती तिघांची. रस्तेखात्याचा साहेब म्हणत होता, चालू ठेवा, टोल गेला की दुरुस्तीला दमडी मिळणार नाही. कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक म्हणत होते, बंद करा, रस्त्याचा खर्च लोकांनी कधीच फेडलाय, आता नुसती गाय दोहणं चाललंय. एक इकडे, एक तिकडे. तिसरे मुकादम. चाळीस वर्षं याच रस्त्यावर खडी-डांबरात काढलेला माणूस, म्हणून घेतलेले.

नेमणूक झाली त्या दिवशीच त्यांनी साहेबाला सांगितलं होतं, माझा मुलगा टोल भरतो आणि मुलगी टोलवर पोट भरते, मला कशाला घेता. साहेब हसला. म्हणाला, मग तर तराजू बरोबर आहे. त्याचं काय जातंय हसायला. दोन्ही पारडी ज्याच्या खांद्याला लटकलेली, त्याला विचारावं.

थोरल्याचे चार ट्रक होते आणि गावातल्या ट्रकवाल्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. धाकटी टोल चालवणाऱ्या कंपनीत रस्तादुरुस्तीची इंजिनियर. तिकडे शंभर माणसं तिला मॅडम म्हणत. इथं ती अजून चिंगीच होती. आणि चिंगी आज अकरा महिन्यांनी या घराची पायरी चढली होती.

अकरा महिन्यांपूर्वी या घरातली बाई गेली. थोरला त्या दिवशी दुसऱ्या गावाहून निघाला होता आणि बाराव्या मैलाच्या टोलनाक्यावर चाळीस मिनिटं रांगेत अडकला. पोचला तेव्हा सगळं झालं होतं. तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तो बहिणीला म्हणाला, "तुझ्या नाक्यावर रांग नसती तर आई मला भेटली असती."  चिंगीनं चप्पल पायात घातली आणि ती गेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. निरोप असला तर मुकादमांना फोन करायची, ते इकडचं तिकडं सांगायचे. सत्तरीच्या माणसाला असं पोस्टमन करून ठेवलं होतं.

आजही टेबलावर तेच. "वहिनी, दादाला विचार पाणी हवंय का," चिंगी म्हणाली. थोरला हाताच्या अंतरावर बसला होता. "तिला सांग, मला हात आहेत," तो बायकोला म्हणाला.

सून या खेळाला कंटाळली होती. तिनं तांब्या उचलून दोघांच्या मध्ये आपटला. "हा बोलतो का बघा," ती म्हणाली.

मामा मोठ्यानं हसले. मामा म्हणजे गेलेल्या बाईचे धाकटे भाऊ, तीस वर्षं सरकारी बस चालवून निवृत्त झालेले. बहीण गेली तरी सुट्टीच्या दिवशी जेवायला येणं त्यांनी सोडलं नव्हतं. वातावरण तापलं की गोष्ट सांगायची हे त्यांचं जुनं काम. त्यांनी लगेच सांगितलं की आमच्या वेळी रस्ता कसा आहे ते कंडक्टरच्या दातांवरून कळायचं. खराब रस्त्यावरचे कंडक्टर चाळिशीत बोळके व्हायचे. आता टोलचा रस्ता झाला, तर कंडक्टरच उरले नाहीत.

"म्हणजे तुमचं मत काय, मामा?" सुनेनं विचारलं. "टोल हवा की नको?"

"मी बसवाला. बसला टोल माफ होता. मला काय विचारतेस?"

थोरल्याला ही फट पुरे झाली. बापाकडे वळून तो बोलायला लागला आणि बराच वेळ थांबला नाही. रस्त्याची पट्टी आपण गाडी घेताना देतो. डिझेल भरताना देतो. वर नाक्यावर देतो. एकाच शर्टाचे तीनदा पैसे. पंधरा वर्षं दिले, तक्रार केली नाही, आता आणखी पंधरा? त्याच्या ड्रायव्हरची मुलं शाळेतून कॉलेजात जातील तरी नाका तिथंच. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्यानंही द्यायचेच, कारण दुकानात येणारं पोतं टोल भरूनच येतं.

चिंगी ऐकत होती. मग तीही बापाकडेच बघून बोलली. जो रस्ता वापरतो त्यानं भरावं, यात अन्याय कुठला? नाहीतर डोंगरापलीकडची म्हातारी, जी कधी या रस्त्यावर येणार नाही, तिनं का भरायचं? आणि फुकटचा रस्ता कसा असतो ते जुन्या रस्त्यावर जाऊन बघा म्हणावं. खड्डे मोजायला गणिताचे प्राध्यापकच लागतील.

दोघांचंही खरं होतं. हीच तर पंचाईत होती. मुकादम तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

कागद खरं तर भरून झाला होता. आठ दिवसांपूर्वीच. चिंगीनं फाटकाबाहेर कंपनीची गाडी आणली होती, थंड हवेची, मऊ गादीची. शेवटच्या मैलापर्यंत जाऊन आले. रस्ता आरशासारखा. तीन महिन्यांपूर्वी नवा थर टाकलेला, पांढरे पट्टे ठसठशीत. घरी येऊन त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि कागद कपाटात ठेवला. ठेवल्यापासून कपाटाकडे बघवत नव्हतं.

थोरला बापाकडे वळला. बापाचा चेहरा त्यानं न्याहाळला. चाळीस वर्षं ज्यांच्या हाताखाली माणसं थरथरली, त्यांचा मुलगा होता तो. काय विचारायचं ते त्याला ठाऊक होतं.

"अण्णा, मागच्या आठवड्यात तुम्ही रस्ता बघून आलात ना. गाडीतून उतरला होतात का?"

सगळ्यांची नजर मुकादमांकडे वळली. मामांचीसुद्धा.

कारण मुकादमांचा एकच नियम होता आणि तो घरातल्या तान्ह्या पोरालाही पाठ होता. रस्ता वरून बघायचा नाही. उतरायचं, कडेनं चालायचं, आणि प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट. ती तुंबली की पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं, मग वर कितीही डांबर ओता. चाकांनी रस्ता मरत नाही, पाण्यानं मरतो, असं ते सांगायचे. मोठमोठ्या साहेबांना त्यांनी जीपमधून खाली उतरवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकू नका, असं तोंडावर म्हटलं होतं.

"नाही," मुकादम म्हणाले.

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

त्यांनी चिंगीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. तिला त्या दिवशीच कळलं असणार, पण ती बोलली नव्हती. बोलायला हवं होतं असं आता तिला वाटत होतं, तेही दिसत होतं.

"गुडघे दुखत होते का, अण्णा?" सुनेनं विचारलं. त्यांना वाट करून दिली तिनं.

मुकादमांनी ती वाट घेतली नाही. "गुडघे रोजच दुखतात," ते म्हणाले. "अकरावा मैल आला, तेव्हा मी चिंगीला म्हटलं, थांबवू नकोस. तिथं नाही थांबलो, मग दुसरीकडे थांबायला तोंड कुठं होतं."

 अकराव्या मैलाची मोरी घरात सगळ्यांना माहीत होती. लग्नानंतरची सहा वर्षं मुकादमांची टोळी तिथं कामाला होती आणि त्यांची बायको रोज दुपारी जवळच्या मुक्कामावरून डबा घेऊन चालत यायची, मोरीच्या कठड्यावर बसायची, ते जेवेपर्यंत पाय हलवत बसायची. थोरला तिथंच रांगायला शिकला, खडीच्या ढिगावर. मुकादमांना त्या कठड्याकडे बघायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी त्यांनी सतरा मैलांच्या रस्त्यावर न उतरता सही ठोकली होती.

मामांनी घसा साफ केला. "दाजी, आत्ता कुठं सव्वा वाजलाय. चारला अवकाश आहे."

"हो."

"मग उठा की."

*

थोरल्याची छोटी गाडी सुनेच्या माहेरी गेली होती, म्हणून ट्रकच काढावा लागला. केबिनमध्ये मामा, मुकादम आणि चिंगी. सून म्हणाली मीही येणार, तुम्हा चौघांना एकटं सोडणं बरं नाही, आणि ती मागच्या फळीवर चढली. वाळूचा ट्रक होता, फावडी-घमेली मागं पडलेली असायची. ती त्यांच्यावर पोतं टाकून बसली.

अकराव्या मैलापर्यंत नवा हायवे जुन्याच रस्त्याच्या अंगावर बांधलेला होता. तिथून जुना रस्ता फुटून गावांमधून जायचा आणि हायवे सरळ पुढं, मैलभरावर टोलनाका.  ट्रक लोण्यावरून गेल्यासारखा चालला होता. मामा म्हणाले, कंडक्टरचे दात वाचले असते. 

अकरावा मैल आला. थोरल्यानं ट्रक कडेला घेतला आणि बापाकडे न बघता इंजिन बंद केलं.

मुकादम उतरले. आधी एक पाय, मग दुसरा. मामांनी हात पुढं केला तो त्यांनी धरला. रस्ता रुंद केला तेव्हा मोरीही लांबवली होती, पण या बाजूचा जुना दगडी कठडा तसाच ठेवला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. वाटलं होतं तसं काही झालं नाही. दगड होता, ऊन होतं, कडेचं गवत वाळलेलं होतं.  त्यांनी कठड्यावर तळहात ठेवला, दगड तापलेला होता, आणि मग ते बसत-घसरत खाली उतरले, जसे चाळीस वर्षं उतरले होते.

मोरीचं तोंड दिसत नव्हतं. गाळ, बाटल्या, पोती, वाळलेला पाला. कमरेएवढी मोरी वीतभर उरलेली. त्यांनी वर बघितलं. कडेच्या साइडपट्टीत बोटभर रुंद भेग, हातभर लांब. वरून नव्या डांबरानं झाकलेली आणि तरी पुन्हा उघडलेली.

"चिंगी, ये खाली."

ती आली. पाठोपाठ थोरलाही. मुकादमांनी भेगेत बोट घातलं. 

थोरल्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू यायला लागलं. "अण्णा, हेच म्हणतो मी. वरून रंगरंगोटी आणि आत... दिला की पुरावा यांनीच."

"दोन वर्षं तुंबलीय," चिंगी म्हणाली. पहिल्यांदा ती भावाकडे सरळ बघून बोलत होती. "तीनदा लिहून दिलं. वरचे म्हणाले, मोऱ्यांना मार्क नाहीत. खात्याचं यंत्र येतं गाडीला बांधून, ते वरचा थर मोजतं, किती गुळगुळीत आहे. त्याच्यावर कंपनीला पैसे मिळतात. मग थर टाकतात. मोरीत कोण वाकतं?"

"मग सोडायची नोकरी."

"सोडली असती तर मोरी साफ झाली असती?" ती थांबली. मग तिचा आवाज खाली गेला. "दादा, त्या दिवशी नाक्यावर रांग का होती, हे तू कधी विचारलंस?"

थोरल्यानं भेगेवरून नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"नाक्याच्या अलीकडे रस्ता खचला होता. खालून पाणी गेलेलं, हे असंच. दोन लेन बंद करायला लागल्या. मी स्वतः खड्ड्यात उभी होते, गुडघ्यापर्यंत. फोन वर गाडीत. वहिनीचे सात कॉल होते. मी पण नाही पोचले, दादा. तू चाळीस मिनिटं उशिरा आलास. मी दोन तास."

मागं ट्रकजवळ उभी असलेली सून तोंडावर पदर धरून दुसरीकडे बघायला लागली. मुकादम गाळाकडे बघत राहिले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. चिंगी उशिरा आली हे त्यांना आठवत होतं, का ते विचारायला त्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं. आणि नंतर विचारलं नाही, कारण पोस्टमन पत्र उघडून वाचत नाही.

 थोरला वर चढून गेला. मुकादमांना वाटलं, निघाला. तो दोन फावडी घेऊन खाली आला. एक बहिणीच्या हातात दिलं आणि दुसऱ्यानं गाळ उपसायला लागला.  मामांनी घमेलं आणलं. चिंगीनं बाह्या सरसावल्या. सून म्हणाली, अहो, बैठकीचे कपडे आहेत अंगावर, आणि तीच पुढं होऊन पालापाचोळा ओढायला लागली.

तासभर चाललं. पूर्ण मोकळी काही झाली नाही, पण पलीकडचा उजेड दिसायला लागला.

"आता परत फिरण्याआधी जुन्या रस्त्यानं जरा पुढं," मुकादम म्हणाले.

थोरल्यानं मान वर केली. "कशाला? तो लांब पडतो."

"तुझ्या ट्रकांना नाही पडत."

थोरल्यानं पुन्हा फावडं उचललं, उगीचच.

जुन्या रस्त्यावर पहिल्या गावाशीच ट्रक अडखळला. टोल चुकवायला जड गाड्या इथून वळायच्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडा दातांनी कुरतडल्यासारख्या तुटल्या होत्या. शाळेच्या भिंतीला टेकून एक वृद्ध बाई जीव मुठीत धरून ट्रक जायची वाट बघत उभी राहिली. मुकादमांनी इथं थोरल्याला उतरायला लावलं. 

"हा रस्ता मी बांधला. दहा टनांसाठी. तुझी एक गाडी भरून किती होते?"

"सगळेच जातात, अण्णा."

"सगळ्यांचा बाप मी नाही."

थोरल्यानं तुटलेल्या कडेवर बुटाचं टोक टेकवलं, तुकडा निखळून पडला. मागून मामा हळूच म्हणाले, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. थोरल्यानं त्यांच्याकडे रागानं बघितलं. ट्रकमध्ये बसल्यावर तो एकटाच बोलला, कुणाला उद्देशून नाही. आम्ही टोल चुकवतो आणि जुना रस्ता मोडतो, टोल भरतो तर नवा रस्ता आतून कुजतो. मग करायचं काय माणसानं?

"ते मी सांगतो," मुकादम म्हणाले. "गाडी नीट चालव."

*

सभागृहात पाच जण गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले आत आले, तेव्हा खुर्च्यांमध्ये कुजबूज झाली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. एका बाजूला ट्रकवाले, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं, आणि मागं बाकीचं गाव. ट्रकवाल्यांनी अध्यक्षासाठी जागा ठेवली होती. कंपनीच्या बाजूला चिंगीची खुर्ची रिकामी होती. दोघं आपापल्या जागी गेली.  पुन्हा दोन पारडी.

साहेबानं कागद मागितला. मुकादमांनी निघताना खिशात घातलेली घडी उलगडली आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. म्हणाले, ही खूण आठ दिवसांपूर्वी केली, गाडीत बसून. ती खोटी आहे. त्यांनी साहेबाचं पेन घेऊन स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या सहीवर रेघ मारली नव्हती. 

ट्रकवाल्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

"थांबा," मुकादम म्हणाले. "बंद करा, असंही म्हणालो नाही मी."

मग त्यांनी सांगितलं. लांबलचक नाही, त्यांना भाषण येत नव्हतं. रस्त्याला रोज बघणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. पूर्वी दर मैलाला एक मैलमजूर असायचा. फावडं आणि टोपली. तो मोरी साफ ठेवायचा, कडा भरायचा, आणि रस्ता बिघडला तर कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक असायचं. ते मजूर गेले आणि नाके आले. टोल घ्या, पण मैलाला माणूस ठेवा, त्याचं नाव दगडावर लिहा. यंत्राला मोजू द्या, पण मोऱ्यांनाही मार्क द्या. जुन्या रस्त्याला यातूनच वाटा द्या, कारण त्याचे हाल नव्याच्या पायी झालेत. आणि पंधरा वर्षं नाही. दोन. सहा महिन्यांनी कुणीतरी पायी चालून बघेल. दोन वर्षांत सुधारलं नाही तर दुसऱ्या चौकटीत मी स्वतः खूण करीन.

साहेब म्हणाला, कागदावर अशी तिसरी चौकट नाही. प्राध्यापक म्हणाले, मग आखा. साहेबानं विचारलं, आणि हे पाळणार कोण? कंपनी म्हणेल ट्रकवाले चुकवतात, ट्रकवाले म्हणतील कंपनी खाते.

कुणीच उठेना. मुकादमांनी मुलांकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच ते उभे होते. मन म्हणत होतं, आज दोन्ही पोरं गेली हातची.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोरला उभा राहिला होता.

"माझे चारही ट्रक जुन्या रस्त्यानं जातात," तो म्हणाला. "उद्यापासून जाणार नाहीत. टोल भरू. संघटनेतल्या बाकीच्यांचं मी सांगत नाही, ते त्यांनी सांगावं." पाठीमागून कुणीतरी ओरडलं, बहिणीनं विकत घेतला. थोरला वळला. "आज दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलतही नव्हतो. विकत घ्यायला आधी बोलावं लागतं."

हशा पिकला. त्या हशातच चिंगी उठली. तिचा वरिष्ठ तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं तिची बाही ओढल्याचं मुकादमांना दिसलं. ती तरी बोलली. अकराव्या मैलाची मोरी दोन वर्षं बंद होती. मी तीन पत्रं लिहिली आणि पत्र लिहून घरी गेले, ती माझी चूक. सतरा मैलांतल्या सगळ्या मोऱ्यांची यादी उद्या समितीकडे देते. कंपनीला आवडो, न आवडो.

वरिष्ठ उठून बाहेर गेला. चिंगी खाली बसली, तेव्हा तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. पलीकडून थोरला तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, मधली मोकळी जागा ओलांडून गेला आणि वरिष्ठाच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

साहेबानं पट्टी मागवली आणि कागदावर तिसरी चौकट आखली.

*

चिंगीला कंपनीनं काढलं नाही. काढायचं मनात होतं, पण यादी वर्तमानपत्रात आली आणि काढणं महागात पडलं असतं. तिला नाक्यावरून उचलून मोऱ्यांवर बसवलं. शिक्षा म्हणून. तिनं ती आनंदानं घेतली. ट्रकवाल्यांतले निम्मे टोल भरायला लागले, निम्मे थोरल्याला शिव्या द्यायला. त्याची अध्यक्षपदाची खुर्ची डगमगत होती, अजून पडली नव्हती. पहिले चार मैलमजूर लागले. सतरापैकी चार. मुकादम म्हणाले, सुरुवात चारानंच होते.

पायी पाहणीचा पहिला दिवस ठरला, तेव्हा कुणी चालायचं यावर थोडा वाद झाला. साहेबाला पाठदुखी होती. प्राध्यापकांना तास होता. शेवटी एका कडेनं चिंगी आणि दुसऱ्या कडेनं थोरला, असं ठरलं. मुकादमांनी फक्त पहिला मैल चालायचा आणि मग मामांच्या स्कूटरवर मागून यायचं.

सकाळची वेळ होती. हवा थंड होती. मुकादम काठी टेकत सावकाश चालत होते, मामा स्कूटर ढकलत बरोबर. पुढं रस्त्याच्या दोन कडांवरून दोघांचे आवाज येत होते. चार लेनच्या पलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. थोरला म्हणत होता, ही साइडपट्टी दोन इंच खाली आहे. चिंगी म्हणत होती, दीड. तो म्हणाला, तुला पट्टी वाचता येत नाही, शाळेतही येत नव्हती. ती म्हणाली, शाळेत गणितात नापास कोण झालं ते सांगू का सगळ्या रस्त्याला? तो म्हणाला, एकदाच, आणि तेही ताप होता म्हणून. ती म्हणाली, ताप तीन वर्षं होता का? मधून एक ट्रक गेला, आवाज बुडाले, आणि ट्रक गेल्यावर वाद जिथं होता तिथूनच पुढं सुरू झाला.

मामा थांबले. "दाजी, आवरा त्यांना. लोक बघतायत."

मुकादमांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "चालू दे."